बिकॉज म्हंजे म्हणून

कडेगाव,
९ ऑगस्ट २०२४

नाथाजी,

पत्राला मायना नसेल तर एक गुण कापायचा, असं मी दहावीच्या पोरांना दरवर्षी बजावते. माझा कापा. तुमच्या नावाआधी काय लिहावं ते सुचत नाही, आणि जे सुचतं ते पोस्टानं पाठवण्यासारखं नाही.

फोन तुम्ही उचलत नाही. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं. पत्ता तुमच्या आईंकडून मिळाला. तिकडे तमिळनाडूत एका चहाच्या हॉटेलात कप विसळता, जामीन झालाय पण खटला उभा राहीपर्यंत तिथून हलता येत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. त्या इथंच आहेत, माझ्याकडे. जाऊ म्हटलं तरी जात नाहीत. आज भाकरी थापताना मला विचारतात, "तिकडं तीन येळ भातच खातेत म्हनं. त्याचं प्वाट भरत आसंल का गं?" माझा भाऊ गेला त्याला सहा महिने झाले आणि माझ्या स्वयंपाकघरात चर्चा तुमच्या पोटाची.

सोबत वकिलांनी तयार केलेले घटस्फोटाचे कागद आहेत. सही कुठं करायची तिथं मी पेन्सिलीनं फुली मारली आहे. वाचत बसू नका, इंग्रजीत आहेत. इंग्रजीत तुम्ही काय लिहिता आणि त्याचं काय होतं ते सगळ्या भावकीनं पाहिलं आहे.

यशराजला घेऊन ॲम्ब्युलन्स आमच्या माहेरच्या दारात आली, तेव्हा पुढच्या सीटवरून कंपनीचा माणूस उतरला. आधी त्यानं माझ्या हातात तुमच्या जबाबाची झेरॉक्स दिली आणि मग गाडीचा मागचा दरवाजा उघडला. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. आप्पा म्हणाले, "वाच." मी वाचलं. एका ओळीचा जबाब, तुमच्या अक्षरात. ही फेल बिकॉज आय लेफ्ट द रोप. आप्पा म्हणाले, "आमाला समजंल आसं सांग." मी सांगितलं, "मी दोर सोडला म्हणून तो पडला."

तुम्ही मागच्या दरवाजातून उतरत होता. शर्टाला यशचंच रक्त वाळलेलं होतं. आप्पांनी सगळ्यांना मागं सारलं आणि पलटणीत जवानाला विचारावं तसं विचारलं, "दोर सोडलास का न्हाई? येवढंच सांग." तुम्ही म्हणालात, "सोडला, आप्पा." पुढं काही बोलायला तोंड उघडलंत, पण तोवर आप्पांचा हात बसला होता आणि त्यांच्या मागून चुलत्यांचे. मी बघत उभी होते. मला वाईट वाटलं नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय.

यश तुमच्या मागं लागून तमिळनाडूला पवनचक्कीच्या कामाला गेला. आप्पा नको म्हणत होते. "माझ्या डोळ्यांपुढं राहील," असं तुम्ही त्यांना म्हणालात, आमच्याच ओसरीवर बसून. राहिला की तुमच्या डोळ्यांपुढं. शेवटपर्यंत राहिला.

सही करा आणि परत पाठवा.

उत्कर्षा


कडेगाव,
२९ सप्टेंबर २०२४

नाथाजी,

पोचपावतीवर तुमची सही आली, कागदांवरची आली नाही. सही करता येते म्हणायची.

आप्पा परवा पेन्शनच्या कामाला कडेगावात आले होते. दारात उभं राहूनच पाणी प्यायले. आत या म्हटलं तर म्हणाले, "ती म्हातारी हाय तवर तुज्या घरात जेवायचा न्हाई." तुमच्या आई आत होत्या, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले. आईंनी त्यांच्यासाठी पोह्यांवर ओलं खोबरं घालून ताटली तयार ठेवली होती. आप्पा गेल्यावर त्यांनी ती तशीच शेजारच्या पोराला दिली आणि मला म्हणाल्या, "बापच हाय त्यो. त्येला राग यायला नगो व्हय?" अशा बाईशी भांडायचं तरी कसं ते सांगा.

शाळेत या आठवड्यात वाक्यं जोडण्याचा धडा होता. दरवर्षी मला तो शिकवायला आवडायचा. दोन सुटी वाक्यं फळ्यावर लिहायची आणि मध्ये थोडी जागा सोडायची. ॲण्ड, बट घातलं की संयुक्त वाक्य. दोघं सख्ख्या भावांसारखे, कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. बिकॉज, व्हेन, ऑलदो घातलं की मिश्र वाक्य. मग एक मालक आणि दुसरा गडी. गड्याला एकट्याला उभं राहता येत नाही. पोरं हसतात आणि त्यांच्या लक्षात राहतं.

यंदा मी ॲण्ड शिकवलं, बट शिकवलं, ऑलदो शिकवलं आणि पुस्तक मिटलं. मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बिकॉज ऱ्हायलं की." मी म्हटलं, गाईडमध्ये आहे, घरी वाचा. बारा वर्षं शिकवतेय, कधी कुणाला गाईड वाचायला सांगितलं नव्हतं. घरी येऊन रडले. तुमच्यासाठी नाही रडले. ते एक वाक्य मला फळ्यावर लिहिता येईना, म्हणून रडले.

एक विचारू? कधी कधी वाटतं, तुम्ही जरासं खोटं लिहिलं असतंत तर? दोर निसटला, हात घसरला, असं काहीही. कुणी पाहिलं होतं तिथं? आम्ही आयुष्यभर विश्वास ठेवला असता. इतकं सरळ कशाला लिहायचं होतं?

कागद पाठवा.

उत्कर्षा


कडेगाव,
८ नोव्हेंबर २०२४

अहो,

हे पत्र उभ्यानं वाचू नका. कुठंतरी बसा.

दिवाळीच्या सुट्टीत सहामाहीचे पेपर तपासायला घरी आणले होते. प्रश्न साधा होता. इट वॉज रेनिंग. आय टुक ॲन अम्ब्रेला. बिकॉज वापरून जोडा. पहिल्या पेपरात उत्तर, इट वॉज रेनिंग बिकॉज आय टुक ॲन अम्ब्रेला. मी लाल फुली मारली. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. मी छत्री घेतली म्हणून पाऊस पडला! मला खरंच हसू आलं, कितीतरी दिवसांनी. म्हटलं, अशी छत्री असेल तर दुष्काळात जत तालुक्याला एकेक वाटून टाकावी.

शिवांजली म्हणून एक पोरगी आहे, आमच्याच गल्लीतली, फराळाचं ताट घेऊन आली होती. तिचाही पेपर त्यातच होता. तिला म्हटलं, काय गं हे? कशामुळं काय झालं ते तरी बघ. ती म्हणाली, "बरोबर हाय की मॅडम. पाऊस पडत हुता म्हणून म्या छत्री घेतली. बिकॉज म्हंजे म्हणून."

मी म्हटलं, "बिकॉज म्हणजे कारण. म्हणून म्हणजे सो."

ती म्हणाली, "पन समदी तसंच लिवत्यात."

ती गेली आणि मी पेन खाली ठेवला. सगळे तसंच लिहितात. दोन वाक्यं मराठीत जशी मनात येतात तशी एकामागं एक मांडतात आणि मधल्या म्हणूनच्या जागी बिकॉज ठोकतात. तुम्हीही याच भागातल्या शाळेत शिकलात, याच गाईडवर दहावी झालात.

मी उठून तुमच्या जबाबाची झेरॉक्स काढली. या वेळी लाल पेन हातात घेऊन वाचली, जशी मी पेपर वाचते तशी. आय लेफ्ट द रोप. इंग्रजीत दोर असा लेफ्ट करत नाहीत. 'दोर सोडला'मधल्या सोडणे या शब्दाचं तुम्ही इंग्रजी केलंत. म्हणजे मनात मराठी होती आणि तिचा शब्द न् शब्द तुम्ही तसाच इंग्रजीत केलात. ही फेल, तो पडला. बिकॉज, म्हणून. आय लेफ्ट द रोप, मी दोर सोडला.

तो पडला म्हणून मी दोर सोडला.

असंच ना? असंच लिहायचं होतं ना तुम्हाला?

आणि मग दोराचं आठवलं. लग्नानंतर तुम्ही मला साताऱ्याच्या पठारावर पवनचक्की दाखवायला नेलं होतंत. टॉवरच्या पोटात उभं राहून सांगितलंत, माणसाचा दोर वर लोखंडाला हुकानं अडकवलेला असतो, तो खालून कुणी धरत नाही. खालचा माणूस धरतो तो सामानाच्या पिशवीचा दोर. हे मला माहीत होतं! गेले नऊ महिने हे मला माहीत होतं आणि मी एकदाही विचारलं नाही की कुठला दोर. यश पडला, तुम्ही पिशवीचा दोर टाकलात आणि त्याच्याकडे धावलात. दुसरं काय करणार होता तुम्ही?

मला इंग्रजी येतं, म्हणून मी ते बरोबर वाचलं. येत नसतं, तुमच्या आईंसारखी अडाणी असते, तर तुम्हालाच विचारलं असतं.

कागद फाडून टाका. फोन उचला हो.

उत्कर्षा


कडेगाव,
१२ जानेवारी २०२५

अहो,

परवा तुम्ही फोन उचललात. मागं कपबशांचा आवाज येत होता. मग "पत्र घावलं" म्हणालात, "तू नगो येऊस" म्हणालात आणि ठेवलात. खटल्याला मी येणार आहे. शाळेत रजा टाकली आहे.

आप्पांना सगळं सांगितलं. सोपं नव्हतं. त्यांना इंग्रजी येत नाही, मला त्यांच्यापुढं व्याकरण मांडता येत नाही. शेवटी पाटी घेतली. म्हटलं, आप्पा, शत्रूनं गोळी झाडली म्हणून जवान आडवा झाला, हे एक. जवान आडवा झाला म्हणून शत्रूनं गोळी झाडली, हे दुसरं. शब्द तेच, पण खटला दुसराच. त्यांनी दोन्ही वाक्यं बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी म्या मारलं त्ये..." आणि पाटी पालथी ठेवली. मी आप्पांना एवढं खचलेलं यशच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "ते खरं धरलं, पोरी. मग पोरगं पडलं कशानं?"

मी म्हटलं, ते एकालाच माहीत आहे, त्यांना विचारून सांगते.

तुमच्या आईंनाही सांगितलं. त्यांना बिकॉज काही कळलं नाही. "म्हंजे माज्या पोरानं केलं न्हाई?" एवढंच तीनतीनदा विचारलं आणि पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ फोडून आल्या. आता गल्लीतल्या प्रत्येक बाईला अडवून सांगतात, "इंग्रजीची चूक हुती, आमची सून मॅडम हाय, तिनं हुडकली." मला तोंड लपवावंसं वाटतं.

तिकडच्या वकिलांशी मी बोलले. त्यांना माझं म्हणणं पटलंय. ते म्हणतात, तो कागद सोडला तर कंपनीच्या हातात तुमच्याविरुद्ध काहीच नाही. कोर्टात दुभाषी मिळेल. तुम्ही इंग्रजीच्या नादी लागू नका, आपल्या बोलीत बोला. आधी काय झालं, मग काय झालं, ते त्याच क्रमानं सांगा. जोडाजोडी करू नका. पहिला प्रश्न येईल, निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल आहे का. नाही म्हणा. एवढा एकच शब्द धडपणे म्हणा, पुढचं वकील बघतील.

मी मागच्या बाकावर असेन. आईंनी तुमच्यासाठी तिळाच्या वड्या केल्या आहेत, त्या आणते.

तुमची
उत्कर्षा


कडेगाव,
६ फेब्रुवारी २०२५

अहो,

तुम्ही तिथं होता आणि मीही होते, तरी लिहिते. लिहिल्याशिवाय मला ते घडलं असं वाटणार नाही. हे पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर येईल, आधी साहेब लोक उघडतील. त्यांना मराठी येत नसावं.

दुभाषी म्हणून कोर्टानं गलाईचं दुकान असलेल्या एका माणसाला बोलावलं होतं. आपल्या विट्याकडचा निघाला. सोनं-चांदी गाळायला आपली माणसं कुठं कुठं जाऊन बसली आहेत! त्याची बोली ऐकून मला इतका धीर आला की मी वकिलांकडं बघून हसले. त्यानं तुम्हाला अगदी घरच्यासारखं विचारलं, "बाबा, गुन्हा कबूल हाय का तुला?"

तुम्ही मागं वळून माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "कबूल हाय."

वकील ताडकन उठले. न्यायाधीशबाईंनी पुन्हा विचारायला लावलं. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. दीड वर्षाची शिक्षा लिहायला त्यांना फार वेळ लागला नाही.

बाहेर व्हरांड्यात पोलिसानं पाच मिनिटं बोलू दिलं, तेव्हा मी तुमच्या अंगावर धावून गेले. लोक बघत होते, बघू देत. मी म्हणाले, तुम्ही वेडे आहात का? माझी पत्रं वाचली नाहीत का?

तुम्ही म्हणालात, "वाचली. तुजं बरोबर हाय. त्यो पडला म्हनून म्या दोर सोडला. तसंच लिवायचं हुतं मला."

"मग?"

"मग त्यांनी इचारलं आसतं, त्यो कशानं पडला."

मी म्हणाले, मग सांगायचं. काय असेल ते सांगायचं. कंपनीचा हूक खराब होता का? तुम्ही मान हलवलीत. माझ्याकडं बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडं बघत होता, आणि सुटी सुटी वाक्यं बोलत गेलात.

"तुजा फोन आला. म्या खालनं हाक मारली. यश, ताईचा फोन. टावरात आवाज घुमतो. शबुद कळत न्हाई. त्यानं हूक काढला. कडंला आला. काय म्हनतोस म्हनून वाकला. पडला."

पुढं काही नाही. पोलिसानं तुमच्या दंडाला धरलं. जाता जाता म्हणालात, "आप्पास्नी सांगू नगो. त्येंचं आता कोन हाय? तूच हायस. मला धरू दे की गुन्हेगार, माजं काय जातंय."

यश पडला त्या दिवशी दुपारी मला शाळेत कायम केल्याची ऑर्डर मिळाली होती. पहिली बातमी यशला द्यायची होती, कारण त्यानं पैज लावली होती की मॅडम म्हातारी होईल पण कायम होणार नाही. त्याला फोन लावला, लागला नाही, म्हणून तुम्हाला लावला. तुम्ही उचलला नाही. मी चिडले, म्हटलं कामात असतील, आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटायला गेले. नंतर जे कळलं त्यात तो न उचललेला फोन माझ्या डोक्यातून पुसूनच गेला.

तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आप्पांनी मारलं तेव्हा माहीत होतं. मी घटस्फोटाचे कागद पाठवले, त्यावर पेन्सिलीच्या फुल्या मारल्या, तेव्हाही. चुकीचं इंग्रजी तुम्ही घाबरून लिहिलंत, पण नंतर कुणीतरी ते बरोबर समजून वाचलं आणि तुम्ही ते तसंच राहू दिलंत. माझ्यासाठी.

मी असं प्रेम मागितलं नव्हतं हो. मला ते पेलत नाही.

तिळाच्या वड्या पोलिसानं आत नेऊ दिल्या नाहीत. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईच्या पोरांना दिल्या.

तुमची
उत्कर्षा


कडेगाव,
१६ मार्च २०२५

अहो,

वकिलांचा फोन येत होता. ते म्हणतात, अजून अपील करता येईल. कबुली कशी दिली, का दिली, हे पटवून द्यावं लागेल, आणि त्यासाठी त्या दिवशी काय झालं ते मी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. माझा फोन आला होता हे फोन कंपनीकडून सिद्ध होईल. "मॅडम, तुमची एक सही, बाकीचं माझ्यावर सोडा," असं म्हणाले. मुदत संपत आली होती. मी म्हटलं, कळवते.

मी मसुदा लिहायला बसले. इंग्रजी माझं चांगलं आहे, तुम्हाला माहीत आहे. माझ्या मेव्हण्याच्या... बघा, मेव्हणा तुमचा होता, माझा भाऊ, एवढंही धड लिहिता येईना. तुमची ती वाक्यं एकाखाली एक मांडली. माझा फोन आला. तुम्ही हाक मारली. तो कडेला आला. वाकला. पडला. कुठंही काहीही घालून जोडलं तरी वाचणाऱ्याचं बोट वर वर जाऊन पहिल्या वाक्यावरच थांबणार. कोर्ट मला काही करणार नाही, फोन करणं गुन्हा नाही, हे मला कळतं. मला कोर्टाची भीती नव्हती.

आप्पा आले. या वेळी घरात आले, तुमच्या आईंनी वाढलं ते जेवले. दोघं एकमेकांशी बोललेसुद्धा, उसाला तोड कवा मिळतीय वगैरे. हात धुऊन आप्पा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गेलीस कोर्टात. आता सांग. पोरगं पडलं कशानं?"

आई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही ऐकायचं होतं.

आप्पा फार थकले आहेत. मी त्यांच्याकडं बघितलं, आणि मला दिसलं की मी खरं सांगितलं तर ते मला मारणार नाहीत, रागावणारही नाहीत. "तुजी काय चूक, पोरी," असंच म्हणतील. आणि मग मरेपर्यंत, मी समोर आले की एकदा तरी त्यांच्या मनात तो फोन वाजेल. तुमच्याबद्दल जे त्यांना वर्षभर वाटलं ते माझ्याबद्दल वाटू नये, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नाही.

मी म्हणाले, "आप्पा, मीच चुकले होते. कागदात लिहिलंय तेच खरं आहे. त्यांनी कोर्टात कबूल केलं. त्यांनी दोर सोडला, म्हणून यश पडला."

आप्पा नुसते "बरं" म्हणाले.

आई दारातून आत आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं त्यांना बिकॉज कळलं नाही पण मी खोटं बोलतेय हे कळलं. सकाळी त्यांनी लुगडी पिशवीत भरली आणि गावच्या एसटीत जाऊन बसल्या. मी स्टॅंडपर्यंत मागं गेले. खिडकीशी उभी राहिले. त्यांनी काच ओढून घेतली.

अपिलाची मुदत काल संपली. वकिलांना मी काहीच कळवलं नाही.

तुम्ही सांगितलं म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला पटवून बघितलं. ते खरं नाही. तुम्ही सांगितलं नसतंत तरी मी गप्पच राहिले असते. तुमच्या सांगण्याचा मला आडोसा मिळाला, एवढंच.

घटस्फोटाचे कागद तुम्ही फाडले नसतील तर सही करून पाठवा. फाडले असतील तर नवे पाठवते. आणि सुटलात की आईंकडं गावी जा, कुठंही जा, पण आप्पा आहेत तोवर या घराच्या दारात उभे राहू नका. तुम्ही समोर आलात तर मला खरं बोलावं लागेल, आणि ते माझ्यानं होणार नाही.

उत्कर्षा